डावी झडप

१

चोराने डबीचा दोरा सोडला, आतल्या शिंपल्याचा फक्त डावा अर्धा भाग उचलला, रिकाम्या जागी ताजा कापूस भरला आणि जाताना डबीला पुन्हा नीट दोरा बांधला. चोऱ्यांच्या तपासात सगळी हयात घालवून निवृत्त झालेल्या मावशीला हे ऐकून हसूच फुटलं.

"एवढा संसारी चोर मी जन्मात पाहिला नाही," ती म्हणाली. "जाताना केरही काढून गेला असेल."

"मावशी, थट्टा नको. माझं डोकं फुटायची वेळ आलीये."

भाचा बंदरालगतच्या निसर्गसंग्रहालयाचा संचालक होता. लहानपणी पेन्सिल हरवली तरी तो मावशीकडेच धावायचा, आणि ती बहुतेक वेळा त्याच्याच कानामागे सापडायची. आज मात्र त्याचा चेहरा खरोखर उतरलेला होता, म्हणून मावशीने गुडघ्यांची कुरकुर बाजूला ठेवली आणि त्याच्यामागोमाग तळघरातल्या साठ्याच्या खोलीत उतरली.

तिथे भिंतीभर लोखंडी कपाटं, कपाटांत चपटे खण. भाच्याने एक खण ओढला. वर पट्टीवर लिहिलं होतं: अनाडारा.

"हे काय, अनाडी का?"

"अनाडारा. समुद्री शिंपल्यांची एक प्रजाती आहे. हिच्यात पुष्कळ जाती. आतल्या जिवाचं रक्त आपल्यासारखं लाल असतं. आणि ही बिजागरी बघ." त्याने एक जाडजूड, पाठीवर उभ्या रेघा असलेला शिंपला उघडून दाखवला. दोन झडपा जिथे जोडलेल्या असतात, तिथे सरळ ओळीत बारीक दात होते, फणीला असतात तसे.

खणात डब्याच डब्या होत्या आणि प्रत्येक डबीत एक शिंपला, मिटलेला, वरून पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला. फक्त एका डबीला मधोमध पडदी होती. तिच्या उजव्या कप्प्यात एक सुटी झडप होती. डाव्या कप्प्यात नुसता कापूस होता, तोही नुकताच पिंजून फुगवल्यासारखा.

"जगात या जातीची ही एकच जोडी," भाचा म्हणाला. "चाळीसेक वर्षांपूर्वी इथल्या आमच्या जुन्या सरांनी शोधली. जातीला काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, नाव दिलं. डावी झडप मोठी, उजवी लहान, हेच तिचं वैशिष्ट्य. पुन्हा कधी कुणाला सापडली नाही. आता एक संशोधिका या सगळ्या प्रजातीवर ग्रंथ लिहितायत. त्या परवा ही जोडी बघायला येणार, आणि आम्ही त्यांना अर्धीच दाखवणार!"

"चोर कोण असं वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? ठरलंच आहे. सरांचा एक जुना विद्यार्थी आहे, बटणवाला. सरांवर त्याचा जुना राग. इतक्या वर्षांत कधी फिरकला नव्हता, तो याच आठवड्यात इथे येऊन बसून गेला. उद्या विश्वस्तांची बैठक आहे. त्याचं नाव घेऊन प्रकरण पोलिसांत द्यायचं. तू फक्त त्याच्या तोंडून वदवून घे."

मावशीने आयुष्यात अशी ठरलेली नावं बरीच पाहिली होती. त्यातली काही निरपराध माणसांची निघाली होती आणि दोघातिघांच्या बाबतीत ते फार उशिरा कळलं होतं. ती त्यांना विसरलेली नव्हती.

"सगळे शिंपले बांधलेले आणि हाच तेवढा सुटा, असं का रे?" तिने विचारलं.

"तो सरांचा नियम आहे," भाचा म्हणाला. "दोन्ही झडपा कधीही एकत्र करायच्या नाहीत."

२

साठ्याची राखण करणारी क्युरेटर पोरसवदा होती आणि रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. मावशीने तिला आधी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं.

"दात ठिसूळ आहेत, जोडायला गेलं तर झिजतील, असं सर सांगतात," क्युरेटर म्हणाली. "माझ्या आधीच्या बाईंनी मला तेच सांगितलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. इथे कुणी त्या झडपांना एकदमच हात लावत नाही."

"बाकीच्यांचे दात नाहीत ठिसूळ?"

क्युरेटरने बाकीच्या बांधलेल्या शिंपल्यांकडे पाहिलं. तिने हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बरं, बटणवाल्याचं सांग."

"ते म्हणाले, दुकान बंद करतोय, माझा शिंपल्यांचा संग्रह तुम्ही घ्याल का? मी साहेबांना बोलवायला वर गेले. तेवढा वेळ ते खोलीत एकटेच होते. आणि मॅडम, डबीला गाठ होती ना, ती एका ओढीत सुटणारी फासाची गाठ. साहेब म्हणतात, बटणवाल्यालाही तीच गाठ येते. मण्यांच्या माळा तशाच बांधतात ते."

"आणखी कुणाला येते?"

"काकूंना. सरांच्या बायकोला. दोरे बांधणं, कापूस बदलणं हे पहिल्यापासून त्याच करतात. दर आठवड्याला येतात. याही आठवड्यात आल्या होत्या." मग घाईघाईने ती म्हणाली, "पण काकूंचं काय! त्या तर माझ्यासाठी घरून डबा आणतात."

डबा आणणारी माणसं चोरी करत नाहीत असा कायदा मावशीच्या वाचनात कधी आला नव्हता.

"त्या संशोधिका येऊन काय करणार होत्या?"

"मापं घेणार होत्या. आणि दोन्ही झडपा मिटवून बिजागरीचा फोटो काढायचा असं त्यांनी कळवलं होतं. मी म्हटलं, आधी सरांना विचारते. सरांना दम्याचा त्रास वाढलाय, फोनवर बोलवत नाही. म्हणून मी काकूंजवळच निरोप दिला."

"सरांचं काय उत्तर आलं?"

"आलंच नाही," क्युरेटर म्हणाली. "मग चोरीच झाली."

३

बटणवाल्याचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. आत पाऊल ठेवलं की शिंपल्याची भुकटी चपलांखाली करकरायची. भिंतीला लावलेल्या काचेच्या बरण्यांतून पांढरी, करडी, गुलाबी बटणं, आणि त्यांच्यामध्ये जाड भिंगाचा चष्मा लावलेला, वाकलेला एक माणूस, कानशीने काहीतरी घासत बसलेला. त्याने मावशीला वर न बघताच बसायला सांगितलं.

"तुम्ही येणार हे माहीत होतं," तो म्हणाला. "तळघरात एकटाच होतो, गाठ मला येते, सरांनी मला हाकललं होतं. सगळं बरोबर जुळतंय. घेऊन चला."

"आधी हाकललं कशासाठी ते सांगा."

त्याने कानस खाली ठेवली. परातीतल्या ढिगातून हाताने चाचपत दोन झडपा काढल्या, एक डावी, एक उजवी, जवळपास सारख्याच आकाराच्या, आणि मावशीच्या हातात दिल्या.

"मिटवा."

मावशीने मिटवून बघितलं. कडेला फट राहिली. फिरवून बघितलं, दाबून बघितलं. दातावर दात चढत होते आणि आत काही बसत नव्हते.

"आता ही घ्या." त्याने दुसरी एक जोडी दिली. ती टक् करून अशी मिटली की फटीत नखसुद्धा शिरेना.

"एकाच जिवाच्या दोन झडपा दुसऱ्या कुठल्याच झडपेशी मिटत नाहीत, बाई. एकत्र वाढलेल्या असतात. माणसांची लग्नं निभावतात कशीबशी, यांना ती सोय नाही." तो किंचित हसला. "सरांच्या त्या जोडीला काकू दोरा बांधायच्या, तरी कड उघडी राहायची. दोरा जरा आवळला की एक बाजू उचलायची. मी विद्यार्थी होतो, अंगात रग होती. सरांना एकट्याला गाठून सांगितलं, की ही एक जात नाही, दोन वेगळ्या जातींच्या दोन झडपा आहेत. सर म्हणाले, चालता हो."

"मग?"

"मग काय, झालो चालता. सरांच्या शिफारशीवाचून कुठलंच दार उघडेना. शिंपल्यांशिवाय दुसरं काही येत नव्हतं, म्हणून बटणं." त्याने हात झटकले. "त्याचं आता काय एवढं! सांगितलं ते खरं होतं, एवढं मला पुरे होतं. पण उद्या चोर म्हणून नाव छापून आलं ना, तर लोक म्हणतील, बघा, तेव्हाही हा असाच होता. ते मात्र सोसायचं नाही मला."

मावशीला त्याची मनापासून दया आली, आणि दया आल्याचं त्याला कळू नये म्हणून ती उगाचच बरण्यांकडे बघू लागली. एका कोपऱ्यात पत्र्याची उघडी डबी होती. तिच्यात एकच झडप होती, तीन तुकडे गोंदाने जोडलेली.

"ही मोडकी कशाला ठेवलीत?"

"सवय आहे," तो म्हणाला आणि डबीवर हात ठेवून तिचं झाकण लावलं. "मोडलेलं टाकवत नाही मला."

मावशी उठली. दारात थांबून तिने विचारलं, "तुमच्या वेळी ती जोडी बांधलेली असायची, हे नक्की?"

"नक्की. का?"

मावशी गल्लीत आली आणि बराच वेळ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. चोर कोण हे तिला आता कळलं होतं. पण त्याहून मोठी एक गोष्टही कळली होती, आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं असं तिला वाटत होतं.

४

सरांच्या घरी दुपारच्या चहाची वेळ होती. सर उंच पाठीच्या खुर्चीत उशांना टेकून बसले होते. काकूंनी कप आणून ठेवले आणि त्या दारापाशीच्या स्टुलावर टेकल्या. ठेंगणीशी, स्वच्छ म्हातारी. बोटं वाकडी झालेली, पण हालचाल नेटकी.

"पोलिसांना बोलवा असं मी पहिल्या दिवसापासून ओरडतोय," सर धापा टाकत म्हणाले. "तुमचा भाचा भित्रा आहे. ज्याने नेलंय त्याला मी ओळखतो. इतकी वर्षं झाली तरी त्याचा हेवा गेला नाही."

"सर, हेवा असता तर त्याने दोन्ही झडपा नेल्या असत्या," मावशी म्हणाली. "विकायची असती तरीही दोन्ही. आणि खरं सांगायचं तर, जगात ती जोडी शाबूत राहावी असं ज्याला सगळ्यांत जास्त वाटेल तो माणूस म्हणजे बटणवाला. तो खरं बोलला होता याचा तेवढाच एक पुरावा होता. स्वतःचाच पुरावा तो कशाला पळवेल?"

सरांनी कप खाली ठेवला.

"संशोधिका दोन्ही झडपा मिटवून फोटो काढणार होत्या. तुम्ही परवानगी देणार होतात का?"

"कसला फोटो?" सर म्हणाले. "मला कुणी काही बोललं नाही."

दारापाशी बशी वाजली. मावशीने तिकडे बघितलं नाही. नोकरीत असताना अशा क्षणी तिला एक प्रकारचा आनंद व्हायचा. आज तो झाला नाही.

"निरोप या घरापर्यंत आला होता, पण तुमच्यापर्यंत पोचला नाही. फोटोची भीती ज्याला वाटली त्यानेच झडप नेली. आणि नेल्यावर कापूस फुगवून दोराही बांधला, कारण त्या हातांना डबी उघडी टाकणं जमतच नाही. काकू, एकच कळलं नाही मला. तुम्ही अर्धीच का नेलीत?"

काकू उठल्या. आतल्या खोलीतून शिवणाचा डबा घेऊन आल्या, रिळांच्या खालून कापसाची पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. मोठी, रेघांची डावी झडप.

"उजवी यांची होती," त्या म्हणाल्या. "यांनी वादळानंतर किनाऱ्यावर जाऊन आणलेली. तिला मी कशी हात लावू? ही माझी. मीच ठेवली होती डबीत, म्हणून मीच काढली."

"तू ठेवली होतीस?" सरांनी विचारलं.

"मोरीत धुताना खरी डावी माझ्या साबणाच्या हातातून निसटली. तीन तुकडे झाले. तुमचा राग तेव्हा किती कडक होता, आठवतंय ना? लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी ढिगातून दुसरी एक उचलून तिथे ठेवली. म्हटलं, इतक्यांमध्ये एक, कुणाला कळतंय. आणि संध्याकाळी तुम्ही तीच डबी घेऊन नाचत आलात, की नवीन जात सापडली, तिला तुझं नाव देणार!" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "त्या दिवशी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं. मग ते छापूनच आलं."

सरांनी टेबलावरची झडप उचलून हातात घेतली.

"मला ठाऊक होतं," सर म्हणाले.

काकूंचा हात पदरावरच थांबला.

"तू केलंस हे नाही. पण मिटत नाही हे. तो सांगून गेला त्याच दिवशी मी दार लावून बसलो आणि मिटवून पाहिलं. मला वाटलं, घोटाळा माझाच आहे, दोन जिवांच्या झडपा मीच एका डबीत टाकल्या असणार. तुझ्या नावाची जात होती ती. लोकांना तू किती कौतुकाने सांगायचीस. तुला काय सांगणार होतो मी?"

"कौतुकाने नाही हो सांगत मी," काकू म्हणाल्या. "तुम्हाला संशय येऊ नये म्हणून सांगत होते."

हाच तो नियम होता. बटणवाल्याच्या वेळी बांधलेली जोडी तो गेल्यावर सुटी झाली, पडदी आली, दात ठिसूळ ठरले. म्हणजे हाकललेल्या मुलाचं म्हणणं खरं आहे हे सरांना कळलं होतं, आणि कळूनही त्यांनी त्याला परत बोलावलं नव्हतं. मावशीने हे सगळं सरळ बोलून दाखवलं. म्हाताऱ्या माणसांशी एवढं कठोर बोलल्याचं तिला वाईट वाटलं, पण तिने एकही शब्द मागे घेतला नाही.

"तुम्ही दोघांनी एकमेकांना जपलंत," ती म्हणाली. "भोगलं तिसऱ्याने. आणि उद्या त्याला पुन्हा भोगायला लावणार आहेत."

सरांनी ती झडप पुन्हा कापसात गुंडाळली. मग म्हणाले, "माझी काठी कुठे आहे?"

५

गल्लीत गाडी शिरेना, म्हणून सरांना शेवटचं अंतर चालावं लागलं. एका बाजूने मावशी, दुसऱ्या बाजूने काकू. वाटेत संग्रहालयापाशी थांबून त्यांनी उजवी झडपही बरोबर घेतली होती. भाच्याने तोंड उघडलं तेव्हा मावशीने त्याला फक्त एवढंच सांगितलं, की उद्याच्या बैठकीत ते नाव घ्यायचं नाही, सर स्वतः बोलतील.

बटणवाला त्यांना बघून उभा राहिला. एवढं वय झालं तरी विद्यार्थी सरांना बघून उठतो तसाच उठला, आणि उठल्याचा त्याला स्वतःलाच राग आलेला दिसला.

सरांनी दोन्ही झडपा त्याच्या घासायच्या फळीवर ठेवल्या.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "तुला हाकललं त्याच दिवशी मला ते कळलं होतं. तशी जातच नाही. मी ते छापायला देणार आहे, तुझ्या नावासकट."

बटणवाल्याने मान हलवली. त्याने मोठी डावी झडप उचलली, अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवली. मग कोपऱ्यातली पत्र्याची डबी आणली. तीन तुकड्यांची ती गोंदाने चिकटवलेली झडप काढली, उजव्या झडपेवर टेकवली आणि डोळ्यांनी न बघता, नुसत्या बोटांनी, हळूच सरकवली.

टक्. शिंपला मिटला.

ही झडप मावशी पाहून गेली होती, तिच्याबद्दल तिने विचारलंही होतं, आणि तरी तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुमच्या मोरीच्या जाळीवर अडकले होते तुकडे," तो काकूंना म्हणाला. "हात धुवायला गेलो होतो. तुमच्याकडेच जेवायचो ना तेव्हा."

काकूंनी तोंडावर हात धरला.

"म्हणजे तुझ्याकडे पुरावा होता," सर म्हणाले. "तेव्हाच का नाही दाखवलास? माझ्या तोंडावर का नाही फेकलास?"

"काकूंचं नाव घ्यावं लागलं असतं, सर. तरीही तुम्ही विचारलं असतं तर दाखवला असता." बटणवाल्याने चष्मा काढून पुसला. "तुला कशावरून वाटतं, एवढं तुम्ही एकदा विचारायला हवं होतं. नाही विचारलंत."

सरांनी मान खाली घातली. क्षमा मागायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा नुसती धाप लागली.

"संग्रहालयात ये," शेवटी ते म्हणाले. "तुझा संग्रह आपण लावू. अनाडाराचा सगळा खण नव्याने लावू."

"आता काय लावणार सर? दात दिसत नाहीत मला. बटणंसुद्धा चाचपून करतो, म्हणून तर दुकान बंद करतोय." तो रागाने बोलला नाही, आणि त्यामुळेच ते ऐकवेना. "संग्रह घेऊन जा. तळघरातल्या त्या पोरीला द्या. तिला म्हणावं, कुणी नियम सांगितला तर का म्हणून विचारत जा."

काकू पुढे झाल्या. फळीवर मण्यांचा पांढरा दोरा होता, तो त्यांनी ओढून घेतला. मिटलेल्या शिंपल्याला त्यांनी एक वेढा दिला, दुसरा दिला. गाठ मारायला गेल्या तर बोटं थरथरून दोरा सुटला. पुन्हा वेढा दिला. पुन्हा सुटला.

बटणवाल्याने आपलं बोट पुढे केलं आणि दोऱ्याच्या मधोमध दाबून धरलं, काकूंच्या घरी शिंपले बांधताना पूर्वी धरायचा तसं.

"बांधा काकू," तो म्हणाला.

काकूंनी गाठ मारली. कड कुठेच उघडी राहिली नाही.